मंडळाने समाधान व्यक्त केले

ओझरच्या विमान कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासनीस होतो. तपासनिसाला एक शिक्का मिळतो, बोटाच्या पेराएवढा, त्यावर त्याचा एकट्याचा नंबर. तो कुणाला उसना द्यायचा नाही, टेबलावर ठेवून चहाला जायचं नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावरही मारायचा नाही. पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटसाठी मी पंखाचा अख्खा भाग चार दिवस अडवून धरला होता आणि त्यापायी आमचे साहेब वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की 'रिव्हेट' हा शब्द निघाला की बायको उठून आत जाते. निवृत्तीनंतर ऐकणारी माणसं कमी पडायला लागली, आणि नेमकं तेव्हाच शाळेच्या मंडळावर येता का, असं विचारणं आलं.

शाळा पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. सरकारी अनुदान नाही, पालकांच्या फीवर चालणारी. ती चालवते एक शिक्षण संस्था आणि संस्थेचं नऊ जणांचं कार्यकारी मंडळ असतं. मुख्याध्यापक नेमायचे, शाळा नीट चालली आहे का ते बघायचं, कुठे चुकत असेल तर विचारायचं आणि वेळ आलीच तर शाळेच्या माणसांच्या पाठीशी उभं राहायचं, एवढंच मंडळाचं काम. रोजचा कारभार मुख्याध्यापकांचा, त्यावर नजर आमची. आम्ही नऊही जण मानद, म्हणजे बिनपगारी. बायको म्हणाली, "भाजा आता घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या." मला मात्र छाती दोन इंच फुगल्यासारखं झालं होतं, ते कशाला लपवू?

सभा दर दोन महिन्यांनी, शनिवारी संध्याकाळी, शाळेच्या ग्रंथालयात. अध्यक्ष म्हणजे शहरातले जुने डॉक्टर, शाळा काढणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव. अतिशय सभ्य माणूस, कुणाला अरे-तुरे नाही, आवाज चढलेला कधी ऐकला नाही. कागदपत्रं, पत्रव्यवहार, इतिवृत्ताची वही हे सगळं कार्यवाहांकडे. ते एका महाविद्यालयाच्या कचेरीतून निवृत्त झालेले आणि अक्षर असं, की लग्नपत्रिका छापायची गरज पडू नये. एक वकील होते, एक देवळ्याचे कांद्याचे व्यापारी होते, ते हंगामात प्रत्येकाच्या गाडीत एकेक गोणी टाकायचे. बाकीचे सज्जन होते, म्हणजे बोलत नसत. आमच्या मंडळात आजवर एकदाही मतदान झालेलं नाही, हे पहिल्याच सभेत मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं. घरात कधी भांडण झालं नाही, असं एखादं कुटुंब सांगतं ना, त्या सुरात.

तिसऱ्या सभेला मी अर्धा तास लवकर पोचलो. ग्रंथालयात कुणी नव्हतं. टेबलावर इतिवृत्ताची जाड वही उघडी होती आणि तिच्यात त्या दिवशीच्या सभेचं इतिवृत्त लिहून तयार होतं. सभा अजून व्हायची होती. 'मुख्याध्यापिकांचा अहवाल वाचून दाखवण्यात आला. मंडळाने समाधान व्यक्त केले.' पुढे ठराव, प्रत्येकाखाली 'सर्वानुमते मंजूर'. चौथ्या ठरावाचा सूचक म्हणून माझं नाव होतं. तो ठराव कशाचा, हे मला माहीत नव्हतं, आणि मी तो पुढे वाचलाही नाही.

कारखान्यात असलं काही दिसतं तर मी शिक्का खिशात घालून सरळ घरी गेलो असतो. इथे मला हसू आलं. कार्यवाह आले तेव्हा त्यांना मी गमतीने विचारलं, तर ते जराही ओशाळले नाहीत. पहिल्यापासून अशीच पद्धत आहे, त्याने वेळ वाचतो, तास-सव्वा तासात माणसं मोकळी होतात, असं त्यांनी समजावलं. शिवाय काही वेगळं ठरलंच तर म्हणून शेवटी दोन ओळींची जागा ते सोडत. ती जागा त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. मी मंडळावर असेपर्यंत त्या दोन ओळींत कधी काही लिहिलं गेलं नाही. चहा-चिवडा आला की वही हातोहात फिरायची, एका हाताने बशी धरून दुसऱ्या हाताने सही व्हायची. त्या दिवशी मीही केली आणि घरी येऊन हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसली नाही. सभेला जाता की हळदीकुंकवाला, एवढंच तिने विचारलं.

आणखी एक पद्धत होती. मुख्याध्यापिका सभेत बसत नसत. त्यांचा अहवाल कार्यवाह वाचणार, आणि त्या बाहेर व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ एका लाकडी खुर्चीवर बसून राहणार. काही विचारायचं असेल तर शिपाई मावशी त्यांना आत बोलावून आणणार. बहुतेक वेळा काही विचारायचं नसे. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत, पालकही म्हणत, आणि मंडळाच्या टेबलाशी मात्र त्यांना खुर्ची नव्हती. नोकरवर्गाने मालकांच्या सभेत कशाला बसायचं, असं संस्थापकांचं मत होतं म्हणे. मालक म्हणजे आम्ही. एक वीट न लावलेले मालक.

मोठ्या बाई चौपन्न वर्षांच्या होत्या. एकवीस वर्षं त्याच शाळेत. साध्या शिक्षिका म्हणून आल्या आणि मुख्याध्यापिका झाल्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, बोलण्यात किंचित घोटीकडचा हेल. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. एका सभेच्या आधी मी व्हरांड्यातून चाललो होतो, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही कारखान्यातले. माझ्या अहवालाचं तिसरं पान जरा बघाल का? दोनदा लिहिलंय मी, हे तिसऱ्यांदा."

मी आत गेलो. कार्यवाहांनी अहवाल वाचला तो दोन पानांचा. दहावीचा निकाल, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धेतली पदकं. मी विचारलं, तिसरं पान आहे ना एक? विचारलं, हे मी शपथेवर सांगू शकतो. कार्यवाह म्हणाले, हो, आहे, ते प्रयोगशाळेच्या गॅसच्या नळ्यांचं. रबर जुनं झालंय म्हणतात, नळ्या बदलेपर्यंत प्रयोगशाळा बंद ठेवायची परवानगी मागतात. अध्यक्ष म्हणाले, प्रवेशाच्या तोंडावर प्रयोगशाळा बंद ठेवली तर पालक काय बघायला येणार? नळ्यांचं बांधकाम समितीकडे द्या. कार्यवाहांनी मान हलवली, आणि तेवढ्यात चिवडा आला. बांधकाम समितीत कोण कोण आहे, असं मी विचारलं नाही. नंतर कळलं की मीच तिच्यात होतो, त्या न वाचलेल्या ठरावानुसार, ज्याचा सूचक मी होतो.

तुम्ही विचाराल, मग बाईंनीच का नाही प्रयोगशाळेला कुलूप लावलं? त्यांनी एकदा एक झोपाळा बंद केला होता. त्याची कडी झिजली होती. मंडळाच्या परवानगीशिवाय शाळेची सोय बंद केली म्हणून त्यांना लेखी समज देण्यात आली होती, सर्वानुमते. तरी त्यांनी काही महिने निरनिराळी कारणं काढून नववी-दहावीचे प्रयोग पुढे ढकलले. मग कार्यवाहांचा फोन आला की पालकांच्या तक्रारी येताहेत, उद्यापासून प्रयोग सुरू झाले पाहिजेत. आमच्याकडे हुकूम तेवढे तोंडी आणि समाधान तेवढं लेखी.

चौथ्या दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला, नळीच्या चिरेतून आलेल्या गॅसने पेट घेतला. नववीतली एक मुलगी त्या ओट्याशी उभी होती. तिचा उजवा हात, मान आणि गालाची एक बाजू भाजली. बाईंचं ऑफिस शेजारीच. त्या धावत आल्या, मुलीला स्वतःच्या पदरात गुंडाळून बाहेर ओढलं, त्यात त्यांचा डावा हात कोपरापर्यंत पोळला. मावशीने मागच्या बाजूला जाऊन सिलिंडर बंद केला म्हणून बाकीची मुलं वाचली.

अध्यक्षांनी मला फोन केला. तुमच्यासारखा तांत्रिक माणूस मंडळात आहे हे आमचं भाग्य, म्हणाले, आणि काय झालं ते बघून अहवाल देण्याचं काम माझ्याकडे दिलं. मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेलो. उरलेल्या नळ्या हातात घेऊन वाकवल्या. प्रत्येक नळी चिरलेली होती. आंधळ्यालाही बोटांनी कळलं असतं. मी नळ्या ओट्यावर ठेवल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

मुलीचे वडील वडाळ्याला राहायचे, फर्निचरला पॉलिश करायचं काम. इस्पितळाच्या जिन्यात ते मला भेटले. नखांत पॉलिशचा तांबडा रंग तसाच. मी शाळेकडून आलोय म्हटल्यावर मला वाटलं होतं, माणूस अंगावर येईल. त्यांनी मला पायरीवर रुमाल टाकून बसायला जागा करून दिली. मुलगी वाचणार, पण बोटं पूर्ववत मिटतील असं नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. ते मला म्हणाले, "साब, एकच गोष्ट लिहा तुमच्या कागदात. मोठ्या बाईंना काय बोलू नका. त्या नसत्या तर माझी पोरगी आज नसती." लिहितो, असं मी म्हणालो.

बाई हाताला बँडेज बांधून ऑफिसात कामाला आल्या होत्या. त्यांनी फाइल काढून तिन्ही अहवालांच्या प्रती माझ्यापुढे ठेवल्या. तिन्हींचं तिसरं पान तेच, तारीख तेवढी वेगळी. मी विचारलं, यांची पोच कुठे आहे? दिल्याची सही? त्या म्हणाल्या, पोच नाही. कार्यवाह साहेबांच्या हातात दिले, रोजच्या माणसाकडे सही कशी मागायची, त्यांना अविश्वास वाटला असता. मला राग आला. असला राग आला की मी त्यांना, भाजलेल्या हाताच्या बाईला, दहा मिनिटं ऐकवलं. कागद दिला की पोच घ्यायची असते, हे चौथीतल्या मुलाला कळतं, तुम्ही शाळा कसली चालवता, असं काय काय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, मला काढायचं तर काढा. पण कागदावर 'हलगर्जीपणा' लिहू नका. माझ्यामुळे लेकरू भाजलं, असं कायमचं लिहून ठेवू नका. एवढंच बघा."

मी त्यांना शब्द दिला. अहवाल मी रात्रंदिवस बसून नव्हे, एका सकाळीच लिहून काढला, कारण लिहायला गुंतागुंत काही नव्हतीच. नळ्या खराब होत्या, मुख्याध्यापिकांनी तीन वेळा कळवलं होतं, मंडळाने दुर्लक्ष केलं. मला आठवतंय, खाली सही करताना मला कारखान्यात असल्यासारखं वाटलं होतं.

सभा शनिवारीच झाली. त्या दिवशी चिवडा नव्हता, नुसता चहा. बाई बाहेर खुर्चीवर होत्या, दार ढकलताना मी त्यांच्याकडे बघून मान डोलावली. अध्यक्षांनी माझा अहवाल हातात घेतला, माझे आभार मानले आणि तो वकिलांकडे सरकवला. वकिलांनी तो आधीच वाचला होता. ते सावकाश, शिकवणी घ्यावी तसे बोलले. तुमच्या या कागदाचा अर्थ असा, की मंडळाला धोका माहीत होता. माहीत असून प्रयोग चालू ठेवले. उद्या मुलीच्या बापाने तक्रार केली तर बाई सुटतील आणि आपण नऊ जण पोलीस ठाण्यात रांगेत उभे राहू. डॉक्टर, मी, देवळ्याचे हे शेठ आणि तुम्हीसुद्धा. बांधकाम समितीत तुम्हीच आहात ना? ठरावावर सूचक म्हणून तुमचंच नाव आहे.

कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला. देवळ्याचे व्यापारी म्हणाले, माझ्या सुनेला दिवस गेलेत हो, आता कुठं ते पोलीस. कुणाचा कुणाला धीर नव्हता. कार्यवाहांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. इतिवृत्त लिहून तयार होतं. 'तांत्रिक सदस्यांच्या अहवालाचा विचार करता, सदर दुर्घटना मुख्याध्यापिकांच्या हलगर्जीपणामुळे घडल्याचे दिसून येते. त्यांना निलंबित करून रीतसर चौकशी करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.'

माझ्या अहवालात हे नाही, असं मी म्हणालो. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चौकशी होईलच, म्हणाले, तिथे त्या काय ते सांगतील, निर्दोष असतील तर सुटतील, हा नुसता प्रशासकीय भाग आहे. अंतिम शब्द नव्हे. त्या वहीत मी आजवर सतराएक सह्या केल्या असतील, एकही वाचून केलेली नव्हती. ही मी वाचली. दोनदा वाचली. 'हलगर्जीपणा' या शब्दावर माझी नजर थांबली, मला तो शब्द ओळखू आला, आणि मी सही केली. मला भीती वाटली होती. सदुसष्टाव्या वर्षी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसायची भीती, सोसायटीत कळण्याची भीती, ओझरच्या जुन्या सोबत्यांना कळण्याची भीती. दुसरं काही नव्हतं त्यात, आणि ते मी आज शोधूनही काढणार नाही.

बाहेर आलो तेव्हा बाई उभ्या राहिल्या. मी घड्याळाकडे बघत जिना उतरलो.

पुढच्या महिनाभरात मुलीच्या वडिलांनी लिहून दिलं की त्यांची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. मुलीचं आणि तिच्या धाकट्या भावाचं शिक्षण संस्था पूर्ण करील, असं अध्यक्ष त्यांच्या घरी जाऊन सांगून आले होते. म्हणजे भीतीचं कारण संपलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वकील फोनवर म्हणाले. मी तेव्हा बोललो असतो तर कुणालाच काही झालं नसतं. ठराव दुरुस्त करायला कार्यवाहांनी ठेवलेली ती दोन ओळींची जागाही पुरली असती. मी बोललो नाही, कारण आता बोललो तर आधी का नाही बोललात, असं कुणी विचारेल, असं मला वाटलं.

नियमाप्रमाणे चौकशी समिती तीन जणांची. एक मंडळाचा प्रतिनिधी, एक बाईंनी निवडलेला आणि एक बाहेरचे, पुरस्कार मिळालेले शिक्षक. चौकशी ग्रंथालयातच झाली. त्या दिवशी बाई पहिल्यांदा त्या टेबलाशी बसल्या. हिरवट साडी, डावा हात लांब बाहीच्या ब्लाउजात झाकलेला. मंडळाचं म्हणणं असं की असे कुठलेही अहवाल मंडळाकडे आले नव्हते. बाईंनी दाखवलेल्या प्रती दुर्घटनेनंतर बनवलेल्या आहेत. पुरावा म्हणून इतिवृत्ताची वही होती, प्रत्येक सभेत मंडळाने समाधान व्यक्त केलेलं. माझा मूळ अहवाल वकिलांकडे गेल्यापासून पुन्हा कुणाला दिसला नव्हता. बाईंकडे पोच नव्हती. मी विचारलेला तो एक प्रश्न सोडला तर त्यांच्याकडे काहीच नव्हतं, आणि तो प्रश्न त्या आठ माणसांशिवाय कुणी ऐकला नव्हता.

बाईंच्या बाजूने त्यांचे एक जुने सहकारी होते, निवृत्त शिक्षक, हाताला कंप असलेले. मंडळाने साक्षीदार म्हणून मला बसवलं होतं. त्यांनी मला विचारलं, "प्रयोगशाळेच्या नळ्यांचा विषय मंडळाच्या सभेत निघाला होता का?"

मी म्हणालो, "इतिवृत्तात तशी नोंद नाही."

"नोंद विचारत नाही मी. विषय निघाला होता का?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. परीक्षेत एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असलेल्या शिक्षिकेने वाट बघावी, तशा. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

त्यांनी मान खाली घातली आणि पुढे कुठल्याच प्रश्नाच्या वेळी वर बघितलं नाही.

निर्णय आला त्यात एक वाक्य होतं. 'सदर साक्षीदार विमाननिर्मिती उद्योगात दीर्घकाळ तपासणीचे काम केलेले अनुभवी व निःस्पृह गृहस्थ असून, असा गंभीर विषय सभेत निघाला असता तर तो त्यांच्या स्मरणात राहिला नसता, हे संभवत नाही.' माझी एकतीस वर्षं अशी कामाला आली. बाईंना हलगर्जीपणाच्या कारणावरून सेवेतून काढण्यात आलं. त्यांनी न्यायाधिकरणाकडे अपील केलं नाही. नवी मुख्याध्यापिका नेमली गेली आणि नळ्या बदलल्या गेल्या. पुढच्या सभेत मला बांधकाम समितीचा प्रमुख केलं, सर्वानुमते. मी राजीनामा दिला. प्रकृतीचं कारण लिहिलं.

बायकोला मी सगळं सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने ताटली बाजूला ठेवली आणि त्या बाईंच्या घरी जाऊन या, म्हणाली. मी म्हणालो, कुठल्या तोंडाने जाऊ? ती म्हणाली, आहे त्याच.

मला धीर व्हायला पाच महिने लागले. बाई इंदिरानगरला एका इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. पुढच्या खोलीत सतरंजीवर सहा-सात मुलं बसून गणितं सोडवत होती. त्यांत ती मुलगीही होती. मी तिला मानेवरून ओळखलं. ती डाव्या हाताने लिहीत होती, एकेक आकडा उभा करत, आणि जीभ दातांत धरलेली होती. बाईंनी मुलांना पुढचं उदाहरण सांगितलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं. पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं, खाली बशी धरून.

मी माफी मागायला आलोय, असं म्हणालो. काय झालं, कसं झालं, वकील काय म्हणाले, सगळं सांगायला लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"साहेब, एकच सांगा. मी इतके दिवस मनाशी धरून चाललेय. त्या चौकशीच्या वेळी तुम्हाला कुणी धमकावलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

"काही घरची अडचण? मुलाच्या नोकरीचं वगैरे कुणी काही बोललं होतं?"

मी पुन्हा नाही म्हणालो. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. बाहेर एका मुलाने उत्तर आलं म्हणून हाक मारली, त्यांनी थांब म्हणून सांगितलं.

"मग काय गेलं असतं तुमचं?"

मी खरंच आठवून बघितलं. पगार नव्हता, बढती नव्हती, पोलिसांचं भय संपलेलं. दोन महिन्यांतून एकदा ग्रंथालयातली एक खुर्ची आणि आठ माणसांचा नमस्कार. मी म्हणालो, "काहीच नाही."

बाईंनी माझ्या हातातला पेला घेतला, मोरीत ठेवला आणि तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. आजवर त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं, भाजल्या होत्या तेव्हाही नाही. बाहेर मुलांना कळू नये म्हणून त्यांनी नळ सोडला. मला कुणी धमकावलं असेल, ही एवढीच आशा त्यांच्याजवळ उरली होती आणि ती काढून घ्यायला मी एवढ्या लांब चालत आलो होतो.